दांड्याची कॉफी

वर्ध्यात त्या काळी कॉफी हे औषध होतं. मी औषधाच्या दुकानात जन्म काढलेला माणूस सांगतोय, तेव्हा खोटं नाही. सर्दी झाली, पोट बिघडलं, बाळंतीण अशक्त वाटली, की जायफळ उगाळून दुधातली कॉफी व्हायची आणि दुखणं बरं झालं की कॉफीची डबी पुन्हा वरच्या फळीवर जायची. धडधाकट माणसानं कॉफी पिणं म्हणजे ताप नसताना गोळी घेणं. अशा गावात मनोहरभाऊ उमाटे नावाच्या गृहस्थांनी नुसत्या कॉफीचं दुकान काढलं, तेही माझ्या दुकानाला भिंत लावून, आणि पहिल्याच दिवशी मला येऊन सांगितलं, "डाक्टर, आता तुमची गर्दी कमी होईन. पन घाबरू नोका, शेजारधर्म पाळू आपन."

मी डॉक्टर नव्हतो, हे त्यांना बरेचदा सांगून पाहिलं. "बाटल्या हालवून देता ना? मंग झालं तं," म्हणायचे. मनोहरभाऊंचं एकदा काही ठरलं की ते ठरलं.

माणूस उंच आणि वाळका. कपाळ मोठं, मिशी बारीक, आणि उजवा दंड डाव्यापेक्षा चांगलाच जाड. शिंपी त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही सैल शिवायचा. कारण दुकानातलं ते मशीन. त्याच्या उजव्या अंगाला एक लांब दांडा होता आणि तो दिवसभर खाली ओढावा लागे. गावात कोणी त्यांना उमाटे म्हणत नसे. दांडेवाले म्हणत.

मूळचे ते रोहण्याचे, आर्वीकडचे. घरी शेती होती, पण मनोहरभाऊंचा जीव लोखंडात. वर्ध्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागले. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल, खाणीकडच्या साहेब लोकांचा एक क्लब बंद पडला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मनोहरभाऊ तिथं गेले होते फिटरकामाचा शिकंजा आणायला. येताना ट्रकमध्ये घालून हे धूड घेऊन आले. पितळी बॉयलर, काचेची नळी, निकेलचा मुलामा, वर कुठल्याशा परक्या भाषेतली अक्षरं आणि तो दांडा. लिलावात त्यांना हे सोडावॉटरचं यंत्र वाटलं होतं.

रोहण्याहून त्यांचे वडील बघायला आले. बैल बघतात तसे यंत्राभोवती फिरले, बॉयलरवर थाप मारून म्हणाले, "दूध देते का?"

"नाई बाबा. दूध आपल्याले टाका लागते."

"मंग आनली काऊन?"

या प्रश्नाचं उत्तर मनोहरभाऊंनी वडिलांऐवजी पुढची आठ-दहा वर्षं गिऱ्हाइकांना दिलं.

नोकरी सोडून दुकान थाटलं तरी यंत्र कसं चालवायचं हे सांगायला कोणी नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी लाकडी मुठीच्या चाळणीत कॉफी, साखर आणि किसलेलं जायफळ असं सगळं एकदम भरलं. घरी पातेल्यात करतात ना, तसं. साखर वितळली, आत जाऊन घट्ट झाली, आणि यंत्राचा दट्ट्या असा काही चिकटला की कानस आणि गरम पाणी घेऊन दोन दिवस खरवडत बसले. माझ्या दुकानात सारखा तो कर्र कर्र आवाज. मी भिंतीवर थाप मारली तर पलीकडून उत्तर आलं, "आप्रेशन चालू हाये डाक्टर!"

पण शिकले. कोणाला न विचारता, चुकत चुकत शिकले. दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग आवळते आणि गरम पाणी कॉफीवर उतरतं. मग क्षणभर थांबायचं आणि दांड्याला आपल्या आपण वर जाऊ द्यायचं. तो सावकाश वर जातो आणि खाली कपात काळी, दाट धार पडते. वर सोनेरी साय. लहानसा कप, दोन घोटांत संपणारा. लोक तिला 'एक्सप्रेस कॉफी' म्हणत आणि ती मिळायला अर्धा तास बसावं लागे. बॉयलर तापल्याशिवाय मनोहरभाऊ दांड्याला हात लावत नसत. मधून मधून बोटाच्या पेरानं बॉयलर वाजवत, कान लावत आणि म्हणत, "थांबा. तिची तयारी नाई झाली अजून." घाईतल्या माणसाला ते सरळ समोरच्या चहाच्या टपरीवर पाठवत. स्वतःही तिथंच जात. कॉफीनं त्यांना पित्त व्हायचं. दिवसातून तीनदा रस्ता ओलांडून, आपल्या दुकानाकडे पाठ करून, चहा पीत उभे राहायचे. कोणी पाहिलं तर म्हणायचे, "दुश्मनाचा माल पाह्यला पायजे ना."

अर्धा तास गिऱ्हाईक बसणार तर त्याला काहीतरी द्यायला हवं. मनोहरभाऊ व्याख्यान देत. विषय एकच. दांड्याच्या मशीनचा इतिहास. यातलं किती त्यांना कुठल्या जुन्या कॅटलॉगमधून मिळालं होतं आणि किती त्यांनी स्वतः बसवलं होतं, देव जाणे.

"पयले नुस्ती वाफ होती," ते सुरू करत. "वाफेनं कॉफी जळे. कडू झार. मंग इटलीत एका बाप्पानं इचार केला, का वाफेले बाहेर काढा अन् मानसाच्या हातानं दाब द्या. असा दांडा आला. पन मानसाचा हात थकते. सकाळची कॉफी दाट, संध्याकाळची पानी. मंग दुसऱ्यानं आत स्प्रिंग घातली. आता तुमी वढा, अन् स्प्रिंग दाबन. सकाळ-संध्याकाळ सारखी. हे आपली तिसऱ्या पिढीची हाये." इथं बॉयलरवर एक हलकी थाप. "आता तिकडं म्हने मोटर लावून राह्यले. बटन दाबलं का कॉफी. मानसाचं कामच नाई. मंग मानसानं काय कराव? फुंकाव?"

व्याख्यानात कोणी तोंड घातलेलं त्यांना चालत नसे. एकदा बँकेत नव्यानं बदलून आलेले एक साहेब बसले होते. मुंबईत राहिलेले. ते म्हणाले, "मला माहीत आहे हो. आमच्या तिकडे मी स्वतः ओढलाय." आणि उठून, मनोहरभाऊ साखर घ्यायला वळले तेवढ्यात, त्यांनी दांडा ओढला. चाळणीत कॉफी घातलेली नव्हती. आत अडवायला काही नसलं की स्प्रिंग दांड्याला झाडून वर फेकते. तो वर आला तो थेट साहेबांच्या हनुवटीला. साहेब मागच्या बाकावर बसले, म्हणजे बसवले गेले. मी आयोडीन आणि कापूस घेऊन धावलो. मनोहरभाऊ दांड्याला काही झालं नाही ना हे उलटसुलट पाहत होते.

"लागलं का हो?" त्यांनी अखेर विचारलं.

"लागलं म्हणजे काय!" साहेब कापसातून म्हणाले.

"नाई, मुंबईची कोनती होती, दुसऱ्या पिढीची असन. तिच्यात स्प्रिंग नाई राहत."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली. 'दांड्यास हात लावू नये. हनुवटीची जबाबदारी मालकाची नाही.' साहेब मात्र बदली होईपर्यंत रोज येत राहिले, फक्त दांड्यापासून लांबच्या बाकावर बसत. कॉफी चांगलीच होती हो. त्यात काही वादच नव्हता.

यंत्राचे सुटे भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. दट्ट्याचं वायसर झिजलं तेव्हा मनोहरभाऊंनी हापशीचं चामड्याचं वायसर कापून बसवलं. "हापशी अन् हे सख्ख्या बहिनी," म्हणाले. "एक पानी वर आनते, एक खाली देते." पुढचे काही दिवस कॉफीला नव्या कोल्हापुरी चपलेचा वास येत होता. मी नाक मुरडलं. पण गिऱ्हाइकांना त्यांनी सांगितलं की बिया बदलल्यात, डोंगरावरच्या आहेत. दोघा-तिघांनी मान डोलावली, आणि चामडं मुरल्यावर वास गेला तेव्हा त्यांतल्या एकानं तक्रार केली की पहिल्यासारखी राहिली नाही.

दांड्याला हात लावायची परवानगी जगात कोणालाच नव्हती. त्यांची मुलगी सुनंदा दुकानात यायची, कप विसळायची, मोठ्यानं हसायची. बाप समोर चहाला गेला की बेधडक दांडा ओढून गिऱ्हाइकांना कॉफी द्यायची. तिच्या हातची आणि बापाच्या हातची मला कधी ओळखू आली नाही. हे मी मनोहरभाऊंना सांगितलं नाही. शेजारधर्म.

मग वाफेची मशीन आली.

ऐंशीच्या सुमारास लग्नांमध्ये ती दिसू लागली. चकचकीत टाकी, बाजूला काळ्या गुंडीचा नळ. कपात डब्यातली पूड आणि साखर चमच्यानं फेटायची, दूध ओतायचं, नळीखाली कप धरायचा आणि गुंडी फिरवायची. भुस्स! सगळा मांडव वळून बघायचा. वर फेसाचा डोंगर, फेसावर चॉकलेटची पूड. जेवणाइतकीच गर्दी तिथं. शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या मिशा पांढऱ्या. कॉफी औषधाची पायरी उतरून एकदम मेजवानीत आली.

मनोहरभाऊंचा संताप संताप झाला. "पयले वाफ, मंग दांडा, मंग स्प्रिंग," ते बोटं मोडत म्हणाले, "अन् एवढं सगळं करून आता पुन्हा वाफ! डाक्टर, दुनिया फिरून हागनदारीतच आली." त्या मशीनला ते मशीन म्हणतच नसत. केटली म्हणत. तिच्या फेसावर त्यांचं मत होतं की दाढीला चांगला.

आणि नेमकं तेव्हाच सुनंदाचं लग्न ठरलं.

मुलगा पवनारचा, शाळेत शिक्षक, स्वभावानं गरीब. त्याचे वडील केशवराव गरीब नव्हते. म्हणजे स्वभावानं. धाम नदीकाठी भाजीपाल्याची शेती, पांढरे कडक कपडे, आणि मानपानाच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बसलेले. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, ते वर्ध्याला आले तेव्हा मनोहरभाऊंनी त्यांना खास बसवून दांड्याची कॉफी दिली. केशवरावांनी कपात पाहिलं. मग कपाच्या मागे काही आहे का तेही पाहिलं.

"बस, एवढीशीच?"

"ते तेवढीच राहते इवाईबुवा. ते खरी कॉफी हाये," मनोहरभाऊ म्हणाले. व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात.

केशवरावांनी कप खाली ठेवला. "लग्नात तं फेसाची मशीन असन ना? आमच्या गावचे लोक येतीन. नाक कापाचं नाई माहं."

मनोहरभाऊंचा उजवा हात दांड्याकडे गेला. पण मुलीचा बाप होता. "असन," म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी फेसाबद्दल सोडून काही बोलले नाहीत. आपल्याच पोरीच्या लग्नात केटली! वर्ध्यातले सगळे दांडेवाल्याचं तोंड बघायला येणार. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, समजावलं, मी समजावलं. शेवटी सुनंदा म्हणाली, "बाबा, लोकाईले केटली देऊ. मामंजीले तुमी आपल्या हातानं दांड्याची द्या. एकट्याले. मानाची." बापाचा चेहरा खुलला. आम्हा सगळ्यांनाच हा तोडगा फार शहाणपणाचा वाटला. अजूनही मला त्यात चूक दिसत नाही, पण झाली ती तिथेच.

लग्नाच्या दिवशी मांडवात भाड्याची केटली भुसभुसत होती. वराकडचे लोक मोठमोठे कप घेऊन फेस चाटत होते. बँडवाल्यांना काचेचे ग्लास भरून दिले होते, तेही वर चॉकलेट टाकून. आणि मनोहरभाऊ मांडवाच्या कोपऱ्यात, नवं धोतर नेसून, आपल्या मशीनपाशी उभे. सकाळपासून बॉयलर तापवत होते. घरातला सर्वांत चांगला कप काढला होता, सोनेरी काठाचा. कान लावला, दांडा ओढला, थांबले, सोडला. धार अशी पडली की मीही पाहत राहिलो. चांदीच्या ताटलीत तो कप घेऊन ते स्वतः, सगळ्यांच्या समोरून, केशवरावांपाशी गेले आणि वाकून म्हणाले, "घ्या इवाईबुवा. खास तुमच्यासाठी."

केशवरावांनी आधी त्या कपाकडे पाहिलं. दोन घोट, काळं. मग समोर पाहिलं. ढोलवाला ग्लासभर फेस पीत होता.

"बँडवाल्याले ग्लास," ते म्हणाले, "अन् पोराच्या बापाले हे दवाईचं झाकन?"

आणि उठून चालू लागले. आमच्याकडे इवाई रुसला की कुठे जाईल सांगता येत नाही. हे बाहेर उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन बसले आणि म्हणाले, चला पवनारले. पाठोपाठ त्यांचे भाऊ उठले. केटलीच्या माणसानं गुंडी बंद केली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. सुनंदा आतल्या दारात उभी होती, मुंडावळ्या बांधलेली, आणि नेहमी हसणारी ती पोर बापाकडे नुसती बघत होती. ताटलीतला कप अजून मनोहरभाऊंच्या हातात होता.

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो. मला वाटलं, हा माणूस आता जीपपाशी जाऊन तीन पिढ्यांचा इतिहास सांगणार आणि लग्न मोडणार.

त्यांनी तो सोनेरी काठाचा कप माझ्या हातात दिला. केटलीपाशी गेले. भाड्याच्या माणसाला बाजूला सारलं. सगळ्यांत मोठा ग्लास घेतला, पूड टाकली, साखर टाकली, आणि खरडखरड फेटू लागले. अख्खं वर्धा बघत होतं. दूध ओतलं, नळीखाली ग्लास धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती काळी गुंडी फिरवली. भुस्स! सदऱ्यावर दूध उडालं, मिशीवर उडालं. फेस वर आला, अजून वर आला, ग्लासाच्या बाहेर गेला. त्यावर त्यांनी चॉकलेटची पूड रस्त्यावर मुरूम टाकतात तशी घातली. तो ग्लास घेऊन ते जीपपाशी गेले आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

"चुकलं माहं, इवाईबुवा."

केशवरावांनी ग्लास घेतला. एक मोठा घोट घेतला. मिशी पांढरी झाली. मागे वळून आपल्या भावांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आता कशी!" मग खाली उतरले. बँड वाजू लागला. लग्न लागलं.

माझ्या हातातल्या कपातली कॉफी मी प्यायलो. थंड झाली होती.

त्यानंतर मनोहरभाऊंनी स्वतःच वाफेची मशीन घेतली. लोकांनी त्यांना गुंडी फिरवताना पाहिलंच होतं, तेव्हा लाजायचं काय राहिलं होतं? लग्नांची कामं मिळू लागली. दुकानात दोन यंत्रं मावेनात. सुनंदा पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा म्हणाली, हे मी नेते. मनोहरभाऊंनी जुनं वायसर काढलं, नवं बसवलं, सगळा सांगाडा चिंचेनं घासला आणि भाजीच्या रिकाम्या टेम्पोत घालून पवनारला पाठवून दिला. पुढे वाफेच्या मशीनला वीज आली, बटण आलं, ते बटण दाबत राहिले. व्याख्यान बंद झालं. त्यांच्या उजव्या बाहीत आता वारा खेळायचा. मला ती शांतता बरी वाटत नव्हती, भिंत वाजवावी असं किती वेळा वाटलं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा एकदा ते म्हणाले, "डाक्टर, चाला पवनारले. पोरीले भेटून येऊ." आम्ही बसनं गेलो. घराच्या ओसरीवर ते यंत्र विराजमान झालेलं, लखलखत होतं. गावचे दोन प्रतिष्ठित लोक खुर्च्यांवर बसले होते आणि मधोमध केशवराव. आतून सुनंदा आली, आम्हाला पाहून मोठ्यानं हसली, दांडा ओढला, थांबली, सोडला. लहान लहान कप सगळ्यांपुढे आले.

"या, बसा इवाईबुवा," केशवराव म्हणाले. "हे कॉफी आमच्या घरी कोनालेबी नाई भेटत. जो मानाचा मानूस असन, त्यालेच. आल्या-गेल्याले आमी फेसाची देतो." पाहुण्यांनी मान डोलावली. केशवरावांनी कप नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि पाहुण्यांना सांगू लागले. "घाईनं नाई प्याची. तुमी पयल्यांदाच घेऊन राह्यले, म्हनून सांगतो. या मशीनचा इतिहास लय जुना हाये. पयले दांडा होता. मंग त्याच्यात वाफ घातली. मंग जर्मनीतल्या एका बाप्पानं…"

मी मनोहरभाऊंकडे पाहिलं. पिढ्या उलट्या झाल्या होत्या, इटलीची जर्मनी झाली होती, स्प्रिंगचा तर पत्ताच नव्हता. यातल्या एका चुकीसाठी त्यांनी माणसं बाकावरून उठवली होती. मी वाट पाहत होतो.

सुनंदा दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. सासरा बोलता बोलता तिला म्हणाला, "हासतं काय व? खरं हाय का नाई?" आणि ती म्हणाली, "हाव मामंजी, खरंच हाये," आणि आणखी हसली. सासराही हसला.

मनोहरभाऊ तिच्याकडे बघत होते. पित्त होणारी ती कॉफी त्यांनी एका घोटात संपवली, रिकामा कप मांडीवर ठेवला, आणि शाळेतल्या मुलासारखे नीट सरसावून बसले.

"जर्मनीतल्या?" ते म्हणाले. "हे मले मालूम नोयतं. मंग पुढं काय झालं, इवाईबुवा?"